इंग्रजीत दी, मराठीत आपण

वाणीकाका इंग्रजीत सगळ्या जगाला अरे-तुरे करायचे, आणि मराठीत कुत्र्यालासुद्धा 'आपण' म्हणायचे.

कुत्र्याचं मी पदरचं घालत नाहीये. शेजारच्या बाईंचा तो गुबगुबीत कुत्रा रोज सकाळी काकांच्या गाडीमागे येऊन बसायचा. काका गाडीतून उतरायचे, जरासं वाकायचे आणि म्हणायचे, "आपण कृपया बाजूला होता का?" कुत्रा उठायचा. आणि त्याच्या सत्तरीच्या मालकिणीला हेच काका कुंपणावरून ओरडून विचारायचे, "हाउ आर्ट दी, लॅस?" लॅस म्हणजे पोरगी. बाई बिचारी दर वेळी "फाइन, थँक यू" म्हणायची आणि घाईघाईनं दार लावून घ्यायची.

मी तेव्हा सोलापुराहून नुकतीच अमेरिकेत शिकायला आले होते. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. पिस्कॅटवेला, युनिव्हर्सिटीपासून बसनं वीस मिनिटांवर, वाणीकाकांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मावशीच्या ओळखीनं मला खोली मिळाली. पहिल्या दिवशी दोन बॅगा ओढत दारात उभी राहिले तर आतून एक बुटके, टक्कल पडलेले गृहस्थ धावत आले, खुर्ची ओढली आणि गरजले, "सिट दी डाउन, लॅस!" मी दचकून बसले. लगेच आवाज खाली आला. "आपण प्रवासानं दमला असाल. आपण चहा घ्याल ना?"

मी मागं वळून पाहिलं, माझ्या पाठीमागं कोण मोठं माणूस उभं आहे की काय! बावीस वर्षांची मी. आम्हाला सोलापुरात 'आपण' म्हणते ती फक्त लग्नपत्रिका.

"तू नको घाबरूस गं," काकू आतून म्हणाल्या. "ते सगळ्यांनाच म्हणतात. लग्नानंतर सहा महिने मलाही म्हणायचे. मी माहेरी नाशिकला जाऊन बसले, तेव्हा कुठं बंद झालं."

आता हे 'दी' काय प्रकरण ते सांगते. शाळेत आपल्याला शिकवतात की इंग्रजीत तू नाही आणि तुम्हीही नाही. राजा असो की हमाल, सगळे 'यू'. काकांच्या मते हे साफ खोटं. उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या गावांत म्हातारी माणसं अजून एकमेकांना 'दी', म्हणजे तू, म्हणतात. "ज्याला यू म्हटलं तो परका, ज्याला दी म्हटलं तो घरचा. आलं का आपल्या लक्षात?" काका मला विचारायचे. एवढं घरचं-परक्याचं सांगून वर 'आपल्या'! मी मान हलवायचे.

काका साठ सालाच्या आसपास कापड गिरणीचं काम शिकायला लँकेशायरला गेले होते. तिथं ते मिसेस शटलवर्थ नावाच्या विधवा बाईच्या घरी राहिले. बाईनं उभा जन्म मागावर काढलेला. स्वयंपाक करताना, भांडी घासताना, कोळसा भरताना ती गिरणीतली गाणी म्हणायची, तीही अस्सल तिच्या गावच्या बोलीत. काकांनी ती दोन वह्यांत देवनागरीत उतरवून घेतली. तीन वर्षांनी ते तिथून निघाले तेव्हा त्यांचं इंग्रजी मिसेस शटलवर्थचं इंग्रजी झालं होतं. पुढं वीस वर्षं अमेरिकेत काढली, पण तिथल्या इंग्रजीचा एक शिंतोडा त्यांनी अंगावर उडू दिला नाही. काकू त्या बाईला 'ह्यांची शटलबाई' म्हणायच्या. सवतीचं नाव घ्यावं तसं घ्यायच्या, पण भिंतीवरच्या तिच्या फोटोवरची धूळ त्याच पुसायच्या.

काकांचं आवडतं गाणं असं होतं:

"मी क्लॉग्ज आर वेट, मी शटल्स ब्रोक,
अँड नाउट फॉर टी बट चिमनी स्मोक."

"ह्यातला हा 'मी क्लॉग्ज' कोण?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

"कोण नव्हे. 'मी' म्हणजे माय. माझे. क्लॉग्ज म्हणजे लाकडी तळाचे बूट, आपल्या खडावाच समजा. माझ्या खडावा भिजल्या, माझा मागावरचा धोटा तुटला, आणि खायला नाउट. नाउट म्हणजे काहीही नाही. चिमणीचा धूर खा." काकांचा आवाज चढायचा. "काय भाषा आहे! भाषा गिरणीत शिजते. ऑफिसात ती नुसती वाढतात."

हे वाक्य त्यांचं ठेवणीतलं. दिवसातून दोनदा तरी यायचंच.

ह्या 'नाउट'नं काकांना फार छळलं. आइस्क्रीमच्या दुकानात ते ठामपणे सांगायचे, "नाउट ऑन इट!" म्हणजे वर काही घालू नका. काउंटरवरची मुलगी हसून "शुअर" म्हणायची आणि वर मूठभर शेंगदाणे पेरायची. तिला 'नट' ऐकू यायचं ना! काका दर खेपेला ते दाणे एक-एक करून वेचायचे, खायचे आणि म्हणायचे, "ह्या देशाचे उच्चार कधी सुधारायचे?"

कापडाचे नमुने तपासणाऱ्या एका कंपनीत काका नोकरीला होते. तिथल्या साहेबाला ते पहिल्या दिवसापासून 'दी' म्हणत. साहेबाची समजूत झाली की हा माणूस अजून 'दी' म्हणणाऱ्या कुठल्या तरी जुन्या, कडक धर्मपंथाचा आहे. दोन वर्षं त्यानं काकांसमोर शिवी दिली नाही, पार्टीत बिअर विचारली नाही, आणि जेवायच्या आधी डोळे मिटून गप्प बसायचा. काकांना वाटायचं, काय सज्जन मनुष्य आहे!

घरात ह्या सगळ्याचा जाच सोसायची ती त्यांची मुलगी अंजू. सोळा वर्षांची, तिथंच जन्मलेली. मराठी समजायचं, उत्तर इंग्रजीत. तिच्या मैत्रिणी आल्या की काका जिन्यावरून "ई बाय गम, लॅसेस!" म्हणजे 'अबब, पोरींनो!' करत उतरायचे आणि ती उशीत तोंड खुपसायची. "डॅड, प्लीज! नोबडी टॉक्स लाइक दॅट!"

"देअर दार्ट राँग," तिथंच तू चुकतेस, असं काहीतरी काका पुटपुटायचे आणि खट्टू होऊन बेसिनपाशी कप विसळत बसायचे. मला मग त्यांची दया यायची. माणूस एवढ्या हौसेनं सगळ्यांना 'तू' म्हणतोय आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

काकांचं एक स्वप्न होतं. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात लँकेशायरचं एक गाणं म्हणायचं. दर वर्षी ते अर्ज करायचे आणि दर वर्षी मंडळाच्या अध्यक्षीणबाई गोड आवाजात सांगायच्या, "काका, या वर्षी जरा वेळ कमी आहे हं." खरं सांगायचं तर कुणाला हवं होतं हो ते गाणं? नाट्यगीतं ऐकायला आलेल्या लोकांना भिजलेल्या खडावा कशाला?

पण त्या वर्षी नकलाकाराला फ्लू झाला आणि सात मिनिटं रिकामी पडली. बाईंचा फोन आला. काका रिसीव्हर ठेवून स्वयंपाकघरात आले आणि काकूंच्या हातातलं लाटणं घेऊन ते नुसतंच धरून उभे राहिले.

"अहो, पोळी करपतेय," काकू म्हणाल्या.

त्या आठवड्यात तयारीला ऊत आला. काकांनी एका घराच्या अंगणातल्या जुन्यापान्या वस्तूंच्या विक्रीतून कॉन्सर्टिना आणली होती. हातात धरून दाबायची-ओढायची छोटी पेटी, असं समजा. पण ती वाजवताना काकांना गाता येत नसे आणि गाताना वाजवता येत नसे. "हात आणि तोंड एकदम चालत नाहीत हो," ते म्हणायचे. म्हणून वाजवणं आधी कॅसेटवर भरलं. मी इलेक्ट्रिकल शिकत होते, म्हणून हॉलमध्ये कॅसेट लावायचं काम माझ्या गळ्यात आलं.

काकांच्या कॅसेटी बुटाच्या खोक्यात असायच्या. प्रत्येकीवर 'लँकेशायर' आणि नंबर. घरात त्या खोक्याला कुणी बोट लावत नसे. कोण लावेल?

ह्या तयारीच्या गडबडीतही रविवारी सकाळी एक गोष्ट चुकत नसे. माझ्या खोलीच्या बरोबर वर काकांची बैठक होती. दर रविवारी वरून आवाज यायचा. खट्, टेपरेकॉर्डरचं बटण. मग काकांचा घसा खाकरणं. मग, "आदरणीय मातोश्री, आपण सर्व कुशल असाल अशी आशा..." मग परत खट्. पाच मिनिटांनी पुन्हा, "आदरणीय मातोश्री..." खट्.

मी काकूंना विचारलं, तर त्यांनी सुस्कारा टाकला. "सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. म्हणून हे कॅसेट पाठवतात, त्या कॅसेटवर बोलून उत्तर पाठवतात. तिकडं गावात कुणाकडे तरी टेप आहे. पण त्यांची शेवटची कॅसेट येऊन सहा महिने झाले. ह्यांचं उत्तर जात नाही. म्हातारी तिकडं वाट बघत असेल गं. आणि त्या कॅसेटवर काय होतं म्हणून विचारलं तर सांगतात, ती मशीनमध्ये अडकून तुटली."

"काकांचं गाव कुठलं हो?" मी विचारलं. कारण काकांना विचारलं की ते म्हणायचे, "तिकडंच, नाशिकच्या पुढं." नाशिकच्या पुढं काय, दिल्लीपण आहे की!

"अमळनेर. पण बोलत नाहीत त्यावर," काकू म्हणाल्या.

कार्यक्रम शनिवारी दुपारी, एका शाळेच्या सभागृहात होता. काकांनी डोक्यावर मिसेस शटलवर्थच्या नवऱ्याची चपटी टोपी घातली होती. स्टेजवर जायच्या आधी त्यांनी खोकं माझ्या हातात दिलं. "नंबर नऊ. आपण फक्त नऊ नंबर लावायची. चुकू नये."

"चुकतेय कशाला!" मी म्हटलं. आणि तिथंच माती खाल्ली.

झालं काय, पडद्यामागं अंधार. मी खोक्यात बोटं घातली, नऊ दिसला, उचलला, लावला. आता तुम्हीच एकदा कागदावर इंग्रजी नऊ काढून बघा आणि शेजारी मराठी एक काढा. काकांच्या अक्षरात तर दोन्ही जुळे भाऊ! गाण्यांच्या कॅसेटींवर ते इंग्रजी आकडे घालत. एकाच कॅसेटवर त्यांनी मराठी आकडा घातला होता, आणि ती तुटलेली नव्हती. कुणी चुकूनही ऐकणार नाही अशी जागा म्हणून त्यांनी तिला लँकेशायरमध्ये लपवली होती.

काका स्टेजवर उभे. समोर दीडदोनशे माणसं. काकांनी मला मान हलवून खूण केली. मी बटण दाबलं. कॉन्सर्टिना वाजलीच नाही. खरखर झाली आणि स्पीकरमधून एका म्हाताऱ्या बाईचा चढा आवाज आला.

"मधू, भाऊ, कसा शे रे तू? तुनी टेप ऐकी मी. समदी ऐकी. पन भाऊ, तू ते कलेक्टरना मायेक बोलस. माले आपण म्हनस. माले वाटनं, कोनी सायेबच बोली राह्यना. मना मधू कथा गया रे?"

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं, हाच विनोदी कार्यक्रम. नकलाकाराच्या जागीच आला होता ना! अहिराणी मला येत नव्हती, पण हे न कळायला काय झालं? आई मुलाला विचारत होती, तू कलेक्टरसारखं का बोलतोस, माझा मधू कुठं गेला? मी बटणाकडं हात नेला. स्टेजवरून काकांनी तळहात दाखवला. थांब.

"मराना पहिले एकदाव आपलं बोल रे मनासंगे," आवाज म्हणाला. हशा विरला. "तुले काय याद नही राह्यनं का? हाई बी नही?" आणि म्हातारी गायला लागली.

"जप रे मना राजा, जप रे,
गिरनीमा गया तुना बाप रे,
भोंगा वाजना, दिन बुडना,
आते येई तुना बाप रे."

जप म्हणजे झोप, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी आपला मराठी अर्थच घेतला, जप रे माझ्या राजा, सांभाळ. आणि भोंगा! मी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावणाऱ्या गावातली.

काकांनी टोपी काढली. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलले, तिसरीला आवाज फुटला. म्हातारी तिकडून गातेय, काका इकडून. सुराचं काही विचारू नका, दोघंही आपापल्या वाटेनं चालले होते. पण 'तुना बाप रे'वर बरोबर एकत्र यायचे. पहिल्या रांगेत अंजू बसली होती. त्या दिवशी तिनं तोंड कशातच खुपसलं नाही.

गाणं संपलं. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणालाच कळेना. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक नऊवारीतल्या आजी उठल्या. कुणाकडे तरी धुळ्याहून पाहुण्या आल्या होत्या आणि दोन तास नाट्यगीतांना पेंगत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "ओ माय! हाई ते आमनं शे! कोनता गावना रे तू, भाऊ?"

काका स्टेजवरून म्हणाले, "अमळनेरना."

"मंग इतला दिन कथा लपी बठना व्हता?"

मग मात्र असल्या टाळ्या पडल्या म्हणता! अध्यक्षीणबाई डोळे पुसत पुसत "वेळ संपला" अशी खूण करत होत्या.

परतताना गाडीत मी "काका, माझं चुकलं, माझं चुकलं" एवढंच म्हणत होते. काकांनी गाडी मोठ्या रस्त्याला काढली. मग स्वतःहूनच सांगायला लागले.

"आमच्या बोलीत सगळ्यांना तूच. बापाला तू, पाटलाला तू, देवाला तू. मी पुण्याला कॉलेजात गेलो. पहिल्याच आठवड्यात प्रिन्सिपॉलसाहेब वर्गात आले. त्यांना बसायला खुर्ची नव्हती. मी पहिल्या बाकावर. मोठ्या आदरानं उठलो, रुमालानं बाक पुसला आणि म्हटलं, 'सर, तू आठे बठ.'"

काकू पुढच्या सीटवर हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"वर्ग दहा मिनिटं हसत होता. तीन वर्षं माझं नाव 'आठेबठे' होतं. म्हटलं, पुन्हा तोंडातून तू निघालाच नाही पाहिजे. कुणालाच आपणखेरीज बोलायचं नाही. जमलं. इतकं जमलं की आईशीही आपण." काकांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. "पुढं लँकेशायरला पोचलो. पावसात भिजून शटलवर्थबाईच्या दारात उभा. तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, 'सिट दी डाउन, लॅड.' मला ते 'आठे बठ' असंच ऐकू आलं. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून रडलो. तिला वाटलं, थंडीनं."

मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेल्या अंजूनं पुढं हात करून बापाच्या खांद्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. वरून आवाज आला. खट्. "आदरणीय मा..."

"डॅड, नो!" अंजूचा आवाज. खट्. मी वर गेले. अंजू म्हातारीची कॅसेट ऐकून इंग्रजी अक्षरांत शब्द उतरवून बसली होती, बापानं कधीकाळी दोन वह्या भरल्या होत्या तशीच. तिनं माइक ओढून घेतला. "आजी, टू कशी शे? मी अंजू शे." त तिच्या तोंडून ट होऊनच यायचा.

मग तिनं माइक काकांपुढं धरला. टेप फिरत राहिली. काकांचं तोंड उघडायचं, मिटायचं. काकू पदराशी चाळा करत उभ्या. शेवटी काका म्हणाले, "माय." आणि पुष्कळ वेळानं, "माय, मी मधू शे."

पुढं मग धरण फुटलं बाई! एक बाजू संपली, उलटली, दुसरीही संपली. शब्द अडायचा तिथं काका हातानं दाखवायचे, म्हातारीला जणू दिसतंय. आइस्क्रीमवरचे शेंगदाणे सांगितले, साहेबाचा धर्मपंथ सांगितला. शटलबाईचं भिजक्या खडावांचं गाणंही आईला अहिराणीत करून ऐकवलं. आणि खरं सांगते, ते तिकडचंच वाटलं.

सोमवारी सकाळी मी क्लासच्या घाईत वर आले. खिडकीतून बाहेर पाहिलं तर काका कुत्र्यापुढं वाकून उभे होते. "आपण कृपया बाजूला होता का?" कुत्र्याचं 'आपण' काही सुटलं नाही. शेवटपर्यंत सुटलं नाही.

काका आत आले. मला पाठीवर पिशवी घेऊन उभी पाहिली आणि खुर्ची ओढली. मी सवयीनं 'सिट दी डाउन'ची वाट बघत होते.

"बठ वं, पोरी," काका म्हणाले. "चहा ले."

मी बसले. सव्वाआठची बस दारावरून गेली, आणि मी ती जाऊ दिली.